चार विषयांचा पेपर आणि चोवीस तासांत आलेला होकार

प्रश्न: मी मराठवाड्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला गणित शिकवते. मागच्या सत्रात एका तुकडीला (६२ विद्यार्थी) संभाव्यता आणि संख्याशास्त्र वर्तमानपत्रांतले आलेख, मतदान चाचण्या आणि आकड्यांच्या बातम्या घेऊन शिकवलं. दुसऱ्या तुकडीला (५८ विद्यार्थी) नेहमीच्या पद्धतीने शिकवलं. दोन्हीकडे आधी आणि नंतर चाचणी घेतली. शिवाय एका मराठी दैनिकाचे सलग तीन महिन्यांचे अंक घेऊन त्यांतले आलेख तपासले, दिशाभूल करणारे किती ते मोजलं. पेपर लिहून झाला, पण तो कोणत्या विषयाचा हेच कळेना. अभियांत्रिकी, गणित, शिक्षण की माध्यमं? तेवढ्यात एका आंतरराष्ट्रीय जर्नलचं ईमेल आलं. चारही विषय घेतात, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ देतात तो आकडा) ८.१ आणि ‘यूजीसी केअर लिस्टेड’, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जर्नलांच्या यादीतलं, असं लिहिलं होतं. पेपर पाठवला, तर चोवीस तासांत स्वीकृतीचं पत्र, कॉपीराइटचा फॉर्म आणि ३,५०० रुपये भरायची लिंक आली. पैसे अजून भरलेले नाहीत, फॉर्मही दिलेला नाही. पीएचडीची नोंदणी झाली आहे. विभागातले सगळे म्हणतात, छापून टाका आणि मोकळ्या व्हा. काय करू?

उत्तर: नमस्कार मॅडम,

पैसे भरू नका आणि त्या फॉर्मवर सही करू नका. बाकीचं सगळं त्यानंतर. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार लेखी आणि सही केलेल्या कागदाशिवाय हक्कांचं हस्तांतरण वैध होत नाही. म्हणजे आज या घडीला पेपर तुमचाच आहे, आणि तो मागे घेणं आज सगळ्यात सोपं आहे.

आजच कॉलेजच्या ईमेलवरून पेपर मागे घेत असल्याचं कळवा. विषयाच्या ओळीत त्यांनी दिलेला पेपर क्रमांक टाका. मजकुरात पेपरचं शीर्षक, तो मागे घेत असल्याचं एक स्पष्ट वाक्य, कॉपीराइट दिलेला नाही आणि शुल्क भरलेलं नाही हे वाक्य, आणि पेपर छापू नये, संकेतस्थळावर चढवला असल्यास काढून तसं लेखी कळवावं ही विनंती, एवढंच लिहा. कारण देत बसू नका. ‘शुल्क परवडत नाही’ असं लिहिलंत तर दुसऱ्या दिवशी सवलतीचं ईमेल येईल. सहलेखक असतील तर सगळ्यांना प्रत जाऊ द्या. त्याआधी स्वीकृतीचं पत्र, शुल्काचं पान आणि पेपर पाठवताना ज्या अटींवर टिक केली असेल ते पान यांचे तारखेसकट स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

उलट टपाली बहुधा ‘विथड्रॉअल फी’ मागतील. आधी मान्य केलेल्या अटींत ती नव्हती, तर ती द्यायचं कारण नाही. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी तेच ईमेल पुन्हा पाठवा. तोवर दुसऱ्या जर्नलकडे पेपर जाऊ देऊ नका, कारण एकच पेपर एकाच वेळी दोन ठिकाणी असणं हा तुमच्याकडचा दोष ठरतो. न विचारता छापलाच, तर पुढच्या संपादकांना ही दोन्ही ईमेल जोडून आधीच कळवा. लपवलेली गोष्ट परीक्षकाला सापडली तर पेपर तिथेच संपतो. आधी सांगितली तर संपादक सहसा समजून घेतात.

आता हे जर्नल का नको, ते. चार विषय एकत्र घेणं हा मुळात दोष नाही. बंगळुरूहून निघणारं ‘करंट सायन्स’ १९३२ पासून अनेक विज्ञानशाखांचे पेपर छापत आलं आहे. ‘प्लॉस वन’ हे ऑनलाइन जर्नल २००६ पासून तेच करतं. पण तिथे प्रत्येक विषयाचे वेगळे संपादक असतात आणि पेपर त्या विषयाच्या परीक्षकाकडे जातो. तुमच्या पेपरला निदान दोन जाणकार वाचक हवेत, एक संख्याशास्त्राच्या शिक्षणातला आणि एक वृत्तपत्रांच्या आशय-विश्लेषणातला (छापलेला मजकूर ठरलेल्या नियमांनी मोजण्याच्या पद्धतीतला). असे दोघे शोधायचे, त्यांनी होकार द्यायचा, चाचणीचे प्रश्न आणि कोष्टकं वाचायची, मग अभिप्राय लिहायचा. याला नीट चालणाऱ्या जर्नलमध्ये दोन ते सहा महिने सहज जातात. चोवीस तासांत होकार आला याचा अर्थ पेपर कोणी वाचलेला नाही. जे जर्नल न वाचता सगळंच घेतं, त्याच्याकडे कशाचाही परीक्षक नसतो.

हे अर्ध्या तासात स्वतः पडताळता येतं. ताज्या अंकातले पाच पेपर उघडा. एकात सोयाबीनची लागवड, दुसऱ्यात ब्लॉकचेन, तिसऱ्यात संतसाहित्य आणि प्रत्येकाची मिळाल्याची व स्वीकारल्याची तारीख एकाच आठवड्यातली असेल, तर पुढे बघायची फारशी गरज नाही. तरी संपादक मंडळातली दोन-तीन नावं घ्या आणि त्या प्राध्यापकांच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का पाहा. कित्येकांना आपलं नाव तिथे असल्याचं माहीतही नसतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हैदराबादच्या ओमिक्स या जर्नलं काढणाऱ्या समूहावर २०१६ मध्ये खटला भरला, त्यातला हा एक मुद्दा होता. परीक्षण झाल्याचा खोटा दावा आणि शुल्क आधी न सांगणं हे दुसरे दोन. मार्च २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

आयएसएसएन क्रमांकाचा दबदबा आपल्याकडे उगाच मोठा आहे. तो नियतकालिकाची ओळख सांगतो, दर्जा नाही. मागेल त्याला मिळतो. तरी एक तपासणी तुम्हाला गणिताची म्हणून आवडेल. आठ अंकांना डावीकडून ८, ७, ६ असं करत १ पर्यंत गुणायचं, बेरीज करायची, ती ११ ने नि:शेष भागली गेली पाहिजे. ०३७८-५९५५ घ्या. ० + २१ + ४२ + ४० + २० + २७ + १० + ५ = १६५, म्हणजे ११ × १५. क्रमांक बरोबर. शेवटी एक्स असेल तर तो १० धरायचा. बेरीज भागली गेली नाही तर क्रमांक चुकीचा किंवा मनाने घातलेला. भागली गेली तर आयएसएसएन पोर्टलवर तो टाका आणि तिथे याच जर्नलचं नाव येतं का ते बघा. दुसऱ्याच जुन्या जर्नलचा क्रमांक उचलून त्याच्या नावाने नवं संकेतस्थळ थाटलेलं असतं, असं पुष्कळदा घडतं. म्हणूनच कोणत्याही जर्नलच्या संकेतस्थळावर ईमेलमधल्या लिंकवरून जाऊ नका, स्कोपस (निवडक जर्नलांची आंतरराष्ट्रीय सूची) किंवा आयएसएसएन पोर्टलवरच्या लिंकवरून जा.

डीओआयचंही (प्रत्येक पेपरला मिळणारा ऑनलाइन ओळख-क्रमांक) तसंच. क्रमांक डीओआय डॉट ओआरजीवर टाकून पेपर उघडतो का पाहा. तो १०.५२८१ ने सुरू होत असेल, तर तो झेनोडोचा आहे. झेनोडो हे सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने चालवलेलं मोफत भांडार आहे, तिथे कोणीही फाइल चढवली की क्रमांक मिळतो. भांडार उत्तम आहे, पण त्या क्रमांकावरून जर्नलचं परीक्षण सिद्ध होत नाही. गूगल स्कॉलरमध्ये पेपर दिसतो यालाही फार अर्थ नाही, ते आपोआप गोळा करतं. इम्पॅक्ट फॅक्टर हा शब्द ज्या आकड्यासाठी वापरला जातो, तो क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते. तिच्या यादीत हे जर्नल नसेल, तर ८.१ हा आकडा खरा इम्पॅक्ट फॅक्टर नाही. स्कोपसची यादी मोफत बघता येते. तिथे नाव आहे एवढ्यावर थांबू नका, ‘कव्हरेज’ची वर्षं वाचा. कित्येक जर्नलं एकेकाळी स्कोपसमध्ये होती, नंतर काढून टाकली गेली, आणि जाहिरात मात्र जुनीच चालू आहे.

‘यूजीसी केअर लिस्टेड’ या शब्दांवर तर आता विसंबूच नये. त्यामागचा इतिहास थोडक्यात असा. यूजीसीच्या जुन्या यादीत विद्यापीठांनी शिफारस केलेली हजारो जर्नलं शिरली होती. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यातली सुमारे हजार जर्नलं तपासली, तेव्हा ८८ टक्के निकषांत बसली नाहीत. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. त्यानंतर २०१९ मध्ये केअर यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केल्याचं जाहीर केलं आणि जर्नल निवडायची जबाबदारी संस्थांवर सोडली, सोबत सुचवलेले निकष दिले. म्हणजे आज कोणी नव्याने ‘केअर लिस्टेड’ म्हणून पैसे मागत असेल, तर तो अस्तित्वात नसलेली गोष्ट विकतो आहे.

तुमचा खरा प्रश्न, पेपर कोणत्या विषयाचा, हा याहून महत्त्वाचा आहे. विषय पेपरमधल्या साहित्यावरून ठरत नाही, तुम्ही कोणत्या प्रश्नाचं उत्तर देता त्यावरून ठरतो. तुमच्याकडे दोन प्रश्न आहेत. बातम्यांतून शिकवल्याने विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र जास्त कळलं का, हा एक. त्या दैनिकातले आलेख किती दिशाभूल करतात, हा दुसरा. पहिला शिक्षणाचा आहे, दुसरा माध्यमांचा. अभियांत्रिकी ही इथे फक्त वर्गाची ओळख आहे आणि गणित हा शिकवलेला मजकूर. दोन्ही प्रश्न एकाच पेपरमध्ये कोंबल्यामुळेच तो कुठला ते कळेनासं झालं आहे. दोन वेगळे पेपर करा. प्रश्न, विदा (गोळा केलेली माहिती) आणि पद्धत तिन्ही वेगळ्या असल्याने एकाच कामाचे तुकडे पाडल्याचा आक्षेप येणार नाही. मात्र दोन्ही पेपरमध्ये दुसऱ्याचा उल्लेख हवा.

पहिल्या पेपरसाठी आमची पहिली पसंती ‘स्टॅटिस्टिक्स एज्युकेशन रिसर्च जर्नल’. इंटरनॅशनल असोसिएशन फॉर स्टॅटिस्टिकल एज्युकेशन ही संस्था ते २००२ पासून काढते, वाचायला सर्वांना खुलं आहे, लेखकाकडून पैसे घेत नाही. परीक्षण कडक असतं. दुसरा पर्याय घरचा आहे. ‘जर्नल ऑफ इंजिनीअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स’ सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडून निघतं. भारतीय अभियांत्रिकी महाविद्यालयातला वर्ग कसा असतो हे तिथल्या परीक्षकांना समजावून सांगावं लागत नाही, हा मोठा फायदा. ‘आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन एज्युकेशन’च्या नादी लागू नका, ते विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक अशा त्यांच्या क्षेत्रांतलं शिक्षण मागतं. आकड्यांची साक्षरता हा मुद्दा पुढे आणलात तर साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या ग्रंथालयातर्फे निघणारं ‘न्युमरसी’ही बसतं. एक गैरसमज जाता जाता दूर करतो. चांगल्या जर्नलमध्ये छापायला लाखभर रुपये लागतात असं नाही. वर्गणीवर चालणाऱ्या बहुतेक जर्नलांत लेखकाला एक पैसाही द्यावा लागत नाही, पैसे लागतात ते पेपर सर्वांसाठी खुला करायचा पर्याय निवडला तर.

पण आहे त्या रूपात पेपर यांपैकी कुठेही टिकणार नाही. तो दुरुस्त करता येण्यासारखा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन तुकड्या म्हणजे १२० विद्यार्थी असले, तरी शिकवण्याची पद्धत दोनच गटांना मिळाली आहे. एक तुकडी सकाळची, दुसरी दुपारची असेल, प्रवेशाचे गुण वेगळे असतील, शिक्षक वेगळे असतील, तर फरक पद्धतीचा की त्याचा, हे सांगता येत नाही. त्यामुळे ‘सिद्ध झालं’ हा शब्द काढा. प्रत्येक विद्यार्थ्याचे आधीचे गुण धरून सहप्रसरण विश्लेषण (आधीच्या गुणांतला फरक लक्षात घेऊन केलेली तुलना) करा, फरकाचं परिमाण आणि ९५ टक्के विश्वास-अंतर (खरा फरक कोणत्या मर्यादांत असावा त्याचा अंदाज) द्या. नुसती पी किंमत (खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता) पुरत नाही. दोन्ही चाचण्यांना हजर असलेले विद्यार्थीच घ्या आणि किती गळले तेही लिहा. पूर्वचाचणीत जे सगळ्यात कमी होते ते नंतर थोडे वर येणारच, म्हणून ‘कच्च्या विद्यार्थ्यांना जास्त फायदा’ असा निष्कर्ष नियंत्रण तुकडीतल्या, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या, कच्च्या विद्यार्थ्यांशी तुलना केल्याशिवाय काढू नका. चाचणी तुम्ही स्वतः तयार केली असेल तर प्रश्नपत्रिका पूर्ण जोडा. तिच्यातले प्रश्न वर्गात वापरलेल्या बातम्यांसारखेच असतील, तर परीक्षक पहिला आक्षेप तिथेच घेईल. पुढच्या सत्रात पुन्हा करणार असाल तर ‘केऑस’ ही ४० बहुपर्यायी प्रश्नांची प्रसिद्ध चाचणी आहे, तिच्यातले प्रश्न सोबत ठेवता येतील.

विद्यार्थी तुमचेच आहेत, गुणही तुम्हीच देता. म्हणून लेखी संमती, महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची परवानगी आणि ‘भाग न घेतल्याने अंतर्गत गुणांवर परिणाम होणार नाही’ हे वाक्य या तिन्ही गोष्टी लागतात. मागची परवानगी नसेल तर मागील तारखेचा कागद करू नका. आता समितीपुढे अर्ज ठेवा, नावं काढून टाकलेल्या जुन्या विदेच्या वापराची परवानगी मागा, आणि पेपरमध्ये घडलं तसं लिहा.

आलेखांच्या पेपरमध्ये दोन दुखणी आहेत. पहिलं नमुन्याचं. सलग तीन महिन्यांत अर्थसंकल्प किंवा निवडणूक आली की आलेखांची संख्या फुगते. वृत्तपत्रांच्या अभ्यासात यासाठी ‘रचलेला आठवडा’ घेतात. वर्षभरातल्या सगळ्या सोमवारांतून एक सोमवार चिठ्ठी टाकून निवडायचा, तसाच एक मंगळवार, असं रविवारपर्यंत. रिफ, ऑस्ट आणि लेसी यांनी १९९३ मध्ये दाखवलं की दैनिकाच्या एका वर्षासाठी असे दोन आठवडे, म्हणजे १४ अंक, बऱ्याचदा पुरतात. तुमचे नव्वदेक अंक वाचण्यापेक्षा हे काम कमी आणि निष्कर्ष जास्त भक्कम. एकाच दैनिकावरून ‘मराठी वृत्तपत्रं’ असं मात्र लिहू नका.

दुसरं दुखणं, ‘दिशाभूल’ कोणी ठरवली? तुम्ही एकटीने ठरवली असेल तर ते मत झालं, मोजमाप नाही. लेखी नियम हवेत. स्तंभालेखाचा अक्ष ६० पासून सुरू केला, तर ६२ चा स्तंभ २ उंचीचा आणि ६५ चा ५ उंचीचा दिसतो. खरा फरक ५ टक्क्यांहूनही कमी, डोळ्यांना मात्र अडीचपट. ही दिशाभूल. पण रेषालेखात तापमान २० पासून दाखवलं तर त्यात काही चूक नाही, तिथे शून्यापासून अक्ष घेतला तर उलट बदलच दिसणार नाही. हा फरक नियमात नसेल तर तुमची टक्केवारी फुगलेली निघेल. मग दुसऱ्या व्यक्तीला तेच नियम देऊन, तुमचे निकाल न दाखवता, तेच आलेख तपासायला द्या.

इथे ‘आमचं ९० टक्के जुळलं’ असं लिहून भागत नाही. समजा १०० आलेख आहेत. ५ दोघांनाही दिशाभूल करणारे वाटले, ८५ दोघांनाही ठीक वाटले, ५ फक्त तुम्हाला आणि ५ फक्त दुसऱ्या व्यक्तीला खटकले. जुळणी ९० टक्के. पण दोघांनीही प्रत्येकी १० टक्के आलेखांना दोषी ठरवलंय, तर नुसत्या योगायोगाने ०.१ × ०.१ + ०.९ × ०.९ म्हणजे ०.८२ जुळायलाच हवं. योगायोगाची जुळणी वगळून खरी जुळणी सांगणारा आकडा, कोहेनचा कप्पा, (०.९० − ०.८२) ÷ (१ − ०.८२) म्हणजे ०.४४ येतो. माध्यमांच्या जर्नलांत बहुधा तशाच कामाचा क्रिपेनडॉर्फचा अल्फा हा आकडा मागतात आणि ०.८० च्या वर अपेक्षित असतो. ०.६७ च्या खाली गेलात तर निष्कर्षांवर कोणी भरवसा ठेवत नाही. आकडा कमी आला तर आलेख बदलू नका, नियम स्पष्ट करा आणि नव्या नमुन्यावर पुन्हा करा.

दैनिकातल्या आलेखांची छायाचित्रं पेपरमध्ये टाकायची असतील तर प्रकाशक परवानगीपत्र मागेल. त्यातले आकडे घेऊन आलेख स्वतः काढा आणि दैनिकाचं नाव, तारीख, पान लिहा. हा मार्ग निर्धोक.

पीएचडीच्या घाईबद्दल. नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती काढली. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती नोंदणीच्या वर्षाच्या अध्यादेशात वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. विभागातल्या सहकाऱ्यांना एवढंच सांगा की, अशा ठिकाणी एकदा छापलेला पेपर दुसरीकडे कुठेच देता येत नाही. सत्रभराचं काम ३,५०० रुपये देऊन बाद करण्यासारखं ते आहे. पदोन्नतीच्या छाननीत आणि मौखिक परीक्षेतही जर्नलचं नाव विचारलं जातंच.

शिक्षणाचा पेपर आधी घ्या, त्याची विदा तयार आहे. पाठवताना संपादकांना लिहायच्या पत्रात पेपरचा प्रश्न दोन ओळींत, दुसऱ्या पेपरचा उल्लेख आणि आधी मागे घेतल्याची हकिगत, एवढं असू द्या. परत आला तर कारण नीट वाचा. ‘आमच्या कक्षेत बसत नाही’ असं असेल तर स्वरूप बदलून त्याच आठवड्यात पुढच्या जर्नलकडे पाठवा. पद्धतीबद्दल आक्षेप असेल तर मात्र तसाच पुढे ढकलू नका. विषय लहान आहे, तोच परीक्षक दुसरीकडेही भेटतो.